लाइन थांबवायची दोरी

माझ्याकडं एक निळी बॅग आहे. चाकांची, चांगल्या कापडाची. एका दिवाळीला बोनस हातात पडला तेव्हा हौसेनं घेतली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, अजूनही ठरलेलं नाही. मी आपली संत तुकाराम नगर ते चाकण आणि चाकण ते संत तुकाराम नगर. बॅग मात्र जग बघून आली. आमच्या इमारतीत कुणाचं लग्नकार्य निघालं, कुणी देवाला निघालं, कुणाचा मुलगा दुबईला निघाला, की आधी माझं दार वाजतं. "ताई, बॅग मोकळी आहे का?" मी तोंड वाकडं करते. चेन नीट लावा, जिन्यावरून फरफटत नेऊ नका, असा दम भरते आणि देते. ती परत आली की उघडून आत नाक घालते. एकदा कापराचा वास आला होता, एकदा कुठल्याशा परक्या साबणाचा. त्या वासावर माझे दोन-चार दिवस छान जातात. घरात मी एकटीच असल्यामुळं हसायला कुणी नाही.

समोरच्या दारात लातूरकडच्या एक बाई राहतात. नवरा दारूनं गेला, तेव्हा लहान मुलीला कडेवर घेऊन त्या इकडं आल्या आणि कंपनीत जाणाऱ्या मुलांचे डबे करून उभ्या राहिल्या. डब्याच्या पोरांपैकी कुणाच्या तोंडाला वास आला तर दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा बंद. त्यात सूट नाही. मुलगी बारावी झाली तेव्हा मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या कंपनीत लावा की हिला. डोळ्याम्होरं राहील."

मी लावली. आमचा कारखाना गाड्यांच्या वायरिंगचा. मोटारीच्या पोटात वायरींचा जो जुडगा असतो, तो आम्ही बायका बांधतो. आमची लाइन सरळ नाही, गोल आहे. मोठमोठे फळे एकामागून एक फिरत येतात, प्रत्येकीनं आपली वायर लावायची, टेप गुंडाळायची, की फळा पुढं सरकतो. थोड्या वेळानं तोच फळा रिकामा होऊन पुन्हा आपल्यासमोर येतो. नव्या पोरींना सुरुवातीला गरगरतं. मला इतक्या वर्षांनी त्याची गुंगी चढते. हात कामावर असतात आणि मी दुसरीकडंच कुठंतरी फिरत असते.

लाइनच्या वरून एक पिवळी दोरी गेलेली आहे. ती ओढली की लाल दिवा लागतो आणि सगळी लाइन थांबते. नव्या मुली तिला घाबरतात, कारण लाइन थांबली की सुपरवायझर धावत येतो आणि सगळ्या माना आपल्याकडं वळतात. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, "हाताला काही वेगळं लागलं की ओढायची. काय वेगळं ते नंतर बघू."

या मुलीनं पहिल्याच आठवड्यात ओढली. दिवा लागला, सुपरवायझर डोक्यात राख घालून आला. "काय झालं?"

"सर, जड लागतंय."

"जड लागतंय म्हणजे?"

तिला सांगता येईना. डोळे भरून आले, पण दोरी काही सोडली नाही. टेप सोडवून बघितली, तर आत एक वायर जास्तीची गेली होती. त्या दिवशी कँटीनमध्ये गुलाबजाम होते, माझ्या वाटचे मी तिच्या ताटात टाकले. एवढा अभिमान मला स्वतःच्या कामाचा कधी वाटला नव्हता.

सकाळच्या शिफ्टला आम्ही बसमध्ये शेजारी बसायचो. भोसरी गेली की सगळी बस पेंगायची. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची, मी पण अर्धवट. मोशीला इंद्रायणीचा पूल आला की मात्र तिला न चुकता जाग यायची. नदीवर पांढरा फेस तरंगत असायचा, कारखान्यांच्या पाण्याचा, घाणच ती. पण त्या कोवळ्या उजेडात अर्धवट झोपेतून बघताना ती घाण वाटायची नाही. एकदा ती म्हणाली, "काकू, विमानातून ढग असेच दिसत असतील का?"

"मला काय माहीत? माझ्या बॅगेला विचार," मी म्हटलं. ती हसली आणि पुन्हा झोपली. त्या वेळी मला फार बरं वाटत होतं, हे आज सांगून टाकते.

मग तिचं कंत्राट संपलं. कंत्राटी पोरींना मुदत झाली की नारळ देतात, तसा तिलाही दिला. आकुर्डीला एक कॉम्प्युटरचा कोर्स केला, पण नोकरी काही लागेना. त्या कोर्समध्ये तिला एक मैत्रीण भेटली, माण गावात खोली घेऊन राहणारी. तिच्या मोबाइलवर समुद्राचे, हॉटेलांचे फोटो. ती दोनदा बँकॉकला जाऊन आली होती म्हणे.

एका दुपारी आमची पोरगी बॅग मागायला आली. मैत्रिणीच्या ओळखीचे लोक तिला बँकॉकला पाठवणार होते. तिकीट त्यांचंच, हॉटेल त्यांचंच, येताना फक्त त्यांच्या दुकानाची एक बॅग आणायची. मेकअपचं सामान.

"फुकट कोण कुणाला नेतं गं?"

"काकू, सगळेच आणतात तिथून."

तिची आई हरखून गेली होती. प्रत्येक डब्याबरोबर बातमी गेली, की आमची लेक विमानानं निघाली. मुलीबरोबर द्यायला म्हणून त्यांनी शेंगदाण्याची चटणी कुटली. मी बॅग पुसून दिली आणि नेहमीचा दम भरला. निघताना जिन्यावरून ती ओरडली, "काकू, ढग बघून येते!" ती गेल्यावर मी गच्चीत जाऊन वर बघत बसले. विमान दिसलं तर ते तिचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. दोन दिसली.

ती यायची होती त्या रविवारी दुपारी तिची आई माझ्या दारात आली. हाताला पीठ, कानाला मोबाइल. मुंबईच्या विमानतळावरून कुणीतरी हिंदीत बोलत होतं. मी मोबाइल घेतला. मुलगी पकडली गेली होती. दुकानाच्या म्हणून आणलेल्या बॅगेत, अस्तराच्या मागं, परदेशी गांजाची पाकिटं निघाली होती. मी ते मराठीत सांगितलं. बाईंनी हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "तिनं काही खाल्लं का, तेवढं इचारा."

त्यानंतरचे महिने माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. वकील, कोर्टाच्या तारखा, तुरुंगाबाहेरची रांग. काही डबे बंद झाले. वकिलांनी मुलीला बजावून ठेवलं होतं, की मला काहीच माहीत नव्हतं, एवढंच म्हणायचं. ती तेवढंच म्हणायची. भेटीलासुद्धा जाळीपलीकडून तेवढंच. आईनं मान खाली घालून ऐकायचं आणि घरी येऊन मला म्हणायचं, "पाठ केल्यावानी बोलती, ताई."

एकदा भाकरी थापता थापता त्यांनी मनातलं सांगितलं. "फसली असंल तर माझं लेकरू हाय. पर जाणून आणलं असंल तर? नशेनं माझा नवरा खाल्ला. आन् तीच नशा माझ्या लेकीनं दुसऱ्याच्या घरात नेऊन घालायची? तिला मी घरात कशी घेऊ?"  मी त्यांच्यावरच चिडले आणि उठून आले.

त्या दिवसांत मला एकच स्वप्न पडायचं. आमची लाइन फिरत असायची, पण फळ्यांच्या जागी बॅगा. माझी निळी समोरून जायची, मी हात पुढं करायची, हात पोचायचा नाही. कामावर उभी असतानासुद्धा ते स्वप्न यायचं, आणि शेजारची बाई मला कोपरानं ढोसायची.

संक्रांतीच्या सुमारास जामीन झाला. तिला आणायला मी गेले, आई आली नाही. निळ्या बॅगेत काही सापडलं नव्हतं, म्हणून वकिलांनी ती सोडवून आणली होती. मुलगी वाळली होती. गाडीत बसल्यावर तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं नाही, बॅग मांडीवर धरून ताठ बसून राहिली.

आमच्याकडं माणूस लांबून, संकटातून परत आलं की दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, वर पाणी सोडतात, आणि मग आत घेतात. मला वाटलं, आई तुकडा घेऊन उभी असेल. ती रिकाम्या हातानं उभी होती. मुलीकडं बघितलं, बाजूला झाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मुलगी उंबऱ्याबाहेर थोडी थांबली. मग चपला काढून पाहुण्यासारखी आत गेली. मी माझ्या घरात येऊन दार लावलं आणि रडले.

आई ताट वाढायची, गादी घालायची, पण बोलायची नाही. आठवडाभरानं मला म्हणाली, "तुमीच इचारा. तिला म्हाईत व्हतं का न्हवतं. तुमच्याशी ती खोटं न्हाई बोलायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी बॅग परत द्यायला आली. स्वच्छ पुसलेली, चाकांतले केससुद्धा काढलेले. मी सवयीनं उघडून नाक घातलं. फिनेलचा वास होता.

"ढग कसे होते गं?" मी विचारलं. 

"फेसासारखे नव्हते, काकू. फेसाखाली नदी असते. याच्याखाली काहीच नव्हतं."

गॅलरीतून ऊन येत होतं. खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी गाडी रेस करून बघत होतं. ते थांबलं तेव्हा मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिनं बॅगेच्या मुठीवर हात ठेवला. मग हळूहळू सांगितलं. हॉटेलात दोन पुरुष त्यांची बॅग घेऊन आले. तुझे कपडे हिच्यात भर आणि तुझी जुनी बॅग इथंच टाकून दे, म्हणाले. "मी म्हटलं, ही काकूंची आहे, परत द्यायचीय. ते हसले. मग म्हणाले, ने दोन्ही. त्यांची बॅग मी उचलली. मेकअपचं सामान नव्हतंच. रिकामी होती, काकू." ती थांबली. "पण जड लागली."

 माझ्या हातांना ते वजन कळलं.

"पासपोर्ट त्यांच्याकडं होता. ते दारातून हलत नव्हते. मी उचलून बघितली, खाली ठेवली, आणि कपडे भरले. विमानात मला झोप लागली. स्वप्नात आपली बस होती, तुम्ही शेजारी होता. मग मुंबईला तो सामानाचा पट्टा. आपल्या लाइनसारखाच गोल फिरतो. तुमची बॅग आली, ती मी उचलली. मग ती आली. नाही उचलली. फिरून पुन्हा आली. लोक आपापलं सामान घेऊन गेले. ती एकटीच फिरत होती आणि मी बघत होते. माझा हात वर गेला, काकू. सवयीनं. मी वर बघितलं." तिनं माझ्या छताकडं बघितलं. "तिथं दोरी नव्हती."

"मग?"

"कस्टमचे एक साहेब आले. ही बॅग कुणाची, म्हणाले. मी म्हटलं, नाव माझं आहे. पण जड लागतेय, उघडून बघा."

"हे वकिलांना सांगितलंस?"

"ते म्हणाले, हे कुठंच बोलायचं नाही. उघडून बघा म्हणालीस म्हणजे तुला माहीत होतं, असंच धरतील. आईलाही सांगू नको, म्हणाले."

पुढं तिनं कोर्टात हेच सांगितलं, वकिलांचं न ऐकता. आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरून केस मिटली, म्हणून आज मी हे लिहू शकते. पण त्या दुपारी पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की समोरच्या घरात एक बाई उत्तराची वाट बघते आहे, आणि ते उत्तर तिला नको होतं तेच आहे.

मी मुलीला घेऊन समोर गेले. आई संध्याकाळच्या डब्यांच्या भाकरी करत होती. मी फिरवाफिरवी केली नाही.

"माहीत होतं," मी म्हटलं. "बॅग उचलली तेव्हाच तिला कळलं होतं."

थापणारे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, मीच ती उलटली. मग बाकीचं सांगितलं. पट्टा, फिरणारी बॅग, ती उभी राहिली ते, आणि तिनं साहेबांना काय म्हटलं ते. आई परातीकडं बघत ऐकत होती.

"तिला कुणी अडवलं व्हतं का?"

"नाही. साहेब नंतर आले."

"म्हंजे आपली आपणच थांबली."

"हो."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. टोपल्यातल्या गरम भाकरीचा तुकडा मोडला आणि तांब्या भरून घेतला. मुलीकडं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट बघत म्हणाल्या, "ती बॅग घे हातात. खाली जिन्यात जा. आत्ता येलालीस असं समज."

मुलगी माझ्या दारातून निळी बॅग उचलून खाली गेली. थोड्या वेळानं चाकं पायऱ्यांवर न आपटता, बॅग हातात धरून वर आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आईनं तिच्यावरून तुकडा ओवाळला, जिन्याकडं टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं आणि ओल्या हातानं तिचे डोळे पुसले.

"ये," त्या म्हणाल्या. "लई लांबून आलीस."