बोंबलांची राखण

आमच्या बोईसरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर माझा एक मित्र राहतो. तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर आहे आणि साठवलेली सगळी रजा जनावरांचे फोटो काढण्यात घालवतो. कच्छची रानगाढवं, काझीरंगाचे गेंडे, लडाखचे कोल्हे, सगळे त्याच्याकडे आहेत. सांगतो मात्र घरी पाहुणे येऊन गेल्यासारखं. "आले, पाणी प्यायले, गेले." पुढे काही विचारलं की कॅमेऱ्याची काच पुसायला घेतो.

राहिला होता तो आपल्याच किनाऱ्यावरचा समुद्रगरुड. लांबून उडताना दिसायचा, जवळ कधी बसायचा नाही. त्याच्यासाठी हा दर सुट्टीला वाळूत जाऊन बसे. एकदा मीही सोबत गेलो. शेजारी बांबूंच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या वाळत टांगल्या होत्या. बोंबीलवाली मावशी त्याला म्हणाली, "भाऊ, बसलाच हायस तर जरा नजर ठेव. मी पानी घेऊन येते." त्याने मान डोलावली.

ती गेली आणि गरुड थेट वलांडीवर उतरला. इतका जवळ, की त्याचा डोळा दिसत होता. "काढ, काढ!" मी कुजबुजलो. काचेवर धूळ बसू न देणाऱ्या या माणसाने कॅमेरा वाळूत टाकला आणि टाळ्या पिटत, "हुश! हुश!" करत धावला. गरुड उडाला. मी कपाळावर हात मारला.

मावशी परत आली. वाळूत पडलेला बोंबील उचलून म्हणाली, "याचा जोडीदार कुठं हाय रं?"

"गरुड आले होते. हाकललं, मावशी," तो खालमानेनं म्हणाला, "पण एक घेऊन गेले ते."