फक्त पूर्ण नाव विचारलं होतं

आज शनिवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. इथे अमेरिकेत, चँडलरच्या माझ्या अपार्टमेंटमधली रिकामी रूम व्हॅक्यूम करत होतो. मंडळी, आपल्याच मराठी ग्रुपवरची रूम भाड्याने देण्याची माझी जाहिरात वाचून पहिला फोन आला.

नागपूरचा नितीन. सोमवारपासून जॉब, सध्या मोटेलमध्ये. "भाऊ, आजच येऊ का पाहायला?"

"या की. पूर्ण नाव काय?"

त्याने सांगितलं. आडनावावरून मी जात ओळखली आणि म्हणालो, "सॉरी, रूम कालच गेली."

पूर्वग्रह हा शब्द मी आजवर गोऱ्यांसाठीच वापरला. स्वतःच्या वागण्याला मात्र सावधगिरी म्हटलं. मला इथे सगळे "कॉलेज कुठलं?" विचारतात, "फक्त बारावी" ऐकून विषय बदलतात. ते मला किती लागतं!

दुपारी मीच फोन केला. "नितीन, रूम रिकामी आहे. मी खोटं बोललो."

"माहीत आहे भाऊ, जाहिरात अजून दिसते ना!" तो हसला. "राहू द्या. मोटेलवाल्यानंही पूर्ण नाव विचारलं होतं. लिहून घेतलं आणि चावी दिली."

रूम अजून रिकामीच आहे. आडनाव कळल्यावर आपल्याला माणसाबद्दल नेमकं काय कळतं, कुणी सांगाल का? नितीनही हे वाचेल.