झेंडूचा दोरा

कुणालाही वर पाठवण्याआधी पाटणकरदा लिफ्ट एकदा रिकामीच वर पाठवायचे. खाली उभं राहून बटण दाबायचं, मान खाली घालायची आणि डोळे मिटून घ्यायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला उभ्या उभ्या डुलकी लागली. पण ते ऐकत असायचे.

यजमानांची बँकेतली बदली आम्हाला कोलकात्याला घेऊन आली आणि मला डमडमच्या पुढे एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात नोकरी मिळाली. गोदामाचं छप्पर इतकं उंच, की वरचा दिवा बदलायलासुद्धा विजेवरची सिझर लिफ्ट लागायची. कैचीसारखे लोखंडी हात उलगडत जातात आणि वरचा कठड्याचा पाळणा माणसाला घेऊन चढतो, ती. ती चढायला लागली की दोन्ही बाजूंनी चाकांजवळ एकेक लोखंडी पट्टी खाली पडते. तिला सगळे गार्ड म्हणत. चाक एखाद्या खड्ड्यात गेलंच, तर याच पट्ट्यांवर मशीन टेकतं आणि कलंडत नाही. पाटणकरदा त्यांचे दोन 'खट' ऐकायचे. दोन्ही ऐकू आले की डोळे उघडून आमच्या इलेक्ट्रिशियनला, निमाईला, म्हणायचे, "जा आता."

गोदामातली सगळी यंत्रं त्यांच्याकडे होती. जन्म बालीगंजचा, उभं आयुष्य इथेच गेलेलं. खरं तर मी त्यांना काका म्हणायला हवं होतं, पण सगळ्यांच्या तोंडचं 'पाटणकरदा', म्हणजे पाटणकरदादा, माझ्याही तोंडी बसलं. मराठी अगदी स्वच्छ, फक्त चहा प्यायचे नाहीत, बंगाल्यांसारखा 'खायचे'. "लेलेबाई, चहा खाणार?" म्हणत पालथ्या कॅनवर बसायचे आणि बसताना "थकलो बुवा" म्हणायचे. सकाळी आल्या आल्यासुद्धा थकलेलेच असायचे. कसे आहात विचारलं, तर लिफ्टच्या बॅटऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत, "त्यांच्यात पाणी घातलं. माझ्यात कोण घालणार?"

"आधी टेकू, मग हात" हे त्यांचं दुसरं वाक्य. लिफ्ट वर असताना तिच्या पोटात हात घालायचा, तर आधी आतला लोखंडी टेकू लावायचा. एकदा निमाईने पडलेला पाना काढायला तसाच हात घातला. पाटणकरदा ओरडले नाहीत, पण दुपारपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर मात्र आपल्या डब्यातला माशाचा तुकडा त्याच्या डब्यात टाकला.

पत्नी गेल्यावर ते एकटेच होते. मुलगा बंगळुरूला, सारखा बोलवायचा. निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांना आणखी थोडी वर्षं कामावर राहायचं होतं आणि मॅनेजरसाहेबांनी ते तोंडी कबूलही केलं होतं. "तिकडे जाऊन काय करू?" ते मला म्हणाले. "बाल्कनीत बसून लोकांच्या गाड्या बघू? इथे निदान कुणी हाक तरी मारतं." एवढ्या थकलेल्या माणसाला काम सुटायची इतकी भीती वाटावी, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी यंत्रांना सुट्टी असते. ती धुतली जातात, त्यांना सिंदूर लागतो, माळा चढतात, बाहेर आकाशभर पतंग असतात आणि गोदामात खिचडीच्या पंगती. पाटणकरदांचे लिफ्टपुरते दोन नियम होते. तिला पाण्याने धुवायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं. आणि माळ वरच्या कठड्याला बांधायची, खाली कुठेही नाही. त्या वर्षी सगळे धरून बसले, की माळ दादांच्याच हातची हवी. वरचा पाळणा फळांच्या टोपल्यांनी भरलेला आणि गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना वर चढवेना. शेवटी वाकून त्यांनी ती खालीच, चाकाजवळच्या पायरीला बांधली. "आज तिला सुट्टीच आहे," म्हणाले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पूजा झाल्यावर लिफ्ट बिघडली. माणसाच्या उंचीपर्यंत चढायची आणि तिथेच अडून पीं पीं करत राहायची. दुर्गापूजा तोंडावर आलेली, गोदाम मालाने खच्चून भरलेलं, एका रांगेतले दिवे गेलेले आणि हमाल अंधारात चाचपडत होते. बॅटऱ्या पाहून झाल्या, तेल पाहिलं, वायरी पाहिल्या. पाटणकरदा जमिनीवर आडवे व्हायचे आणि निमाईचा हात धरून पुन्हा उठायचे. मग साहेब आले. गार्ड तर पडलेले दिसताहेत, म्हणजे ते पडल्याचं मशीनला कळवणारा स्विचच खराब आहे, त्याच्या दोन वायरी जोडून टाका आणि काम उरका, पूजेनंतर बघू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"वायर जोडली की मशीन ओरडायचं थांबेल, साहेब," पाटणकरदा म्हणाले. "बिघाड नाही थांबणार. आणि वर निमाई असेल."

तुम्हाला जमत नसेल तर बाहेरचा माणूस बोलावतो, असं साहेबांनी सुनावलं. पाटणकरदांनी लिफ्टची किल्ली काढून खिशात टाकली आणि मशीनच्या पुढ्यात आपल्या कॅनवर जाऊन बसले. साहेब पाय आपटत केबिनमध्ये गेले. मी चहा आणून दिला. तो मात्र शांतपणे खाल्ला.

मग टेकू लावून ते पुन्हा खाली सरकले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा चिमटीत एक दोरा होता. ग्रीसने काळा झालेला, त्याला झेंडूच्या दोन-चार सुकलेल्या पाकळ्या चिकटलेल्या. माळ काढताना तुटून तो गार्डच्या बिजागरीत गुंडाळला गेला होता. गार्ड पडत होता, पण बोटभर कमी. जवळ आम्ही दोघंच होतो. निमाई हलकेच म्हणाला, "फेले दिन, दादा." टाकून द्या, कुणाला कळणार आहे? मलाही अगदी तेच वाटत होतं.

पाटणकरदा तळहातावरच्या दोऱ्याकडे बघत राहिले. "पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा खालीच बांधेल," म्हणाले. "त्याला कळायला नको?" मग हात पुसून केबिनमध्ये गेले, दोरा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि माळ मीच बांधली होती, एवढं सांगून परत आले.

संध्याकाळी लिफ्ट आधी रिकामी चढली. खट, खट. मग निमाई गेला आणि रांगेत उजेड पडला.

पाटणकरदांचं काम मात्र वाढवून मिळालं नाही. वय झालं, गुडघे गेले, आता स्वतःचे नियमही विसरायला लागलात, विश्रांती घ्या, असं साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं. मेट्रोकडे चालताना मी चिडून बोलत होते आणि तेच माझी समजूत घालत होते. "खोटं नाही बोलले ते," म्हणाले. मला तो राग अजून आहे. कालीपूजा झाल्यावर मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला.

पुढच्या विश्वकर्मा पूजेला कुणी न सांगता लिफ्ट कोरड्या फडक्याने पुसली गेली आणि माळ वर, कठड्यालाच बांधली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी निमाईने बंगळुरूला फोन लावला, माझ्या हातात दिला आणि जमिनीजवळ धरायला सांगून बटण दाबलं. लिफ्ट चढली. मी फोन कानाला लावला, तर पलीकडे नुसता श्वास.

"ऐकू आलं का, पाटणकरदा?"

"दोन्ही आले," ते म्हणाले. "आता खाली घ्या तिला. उगाच बॅटरी जाते."

कसे आहात, मी विचारलं.

"थकलो बुवा. इथे तर थकण्यासारखं काही कामही नाही, तरी थकतो."

लिफ्ट खाली आली होती आणि निमाई चढायला निघाला होता. मी त्याला थांबवलं, अजून एकदा रिकामीच जाऊ दे म्हटलं आणि फोन पुन्हा जमिनीजवळ धरला.