तीन औषधांची संथा

आम्ही खुर्चीसकट उचललं तेव्हा अण्णा म्हणाले, "खांद्यावर नको रे, हातावरच धरा. अजून टाइम आहे."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी, हिंदी मुलखातल्या ब्रह्मा घाटावरचे मराठी वैदिक. न्यूमोनियाने छाती भरली होती, पण जीभ शाबूत होती. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरत नाही, म्हणून चौघांनी त्यांना असं मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. तिथून रिंगरोडवरच्या नव्या खाजगी इस्पितळात. हे इस्पितळ मी निवडलं होतं. का, तर त्यांचं स्वतःचं मोबाईल ॲप होतं.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर लोकांना 'सगळं ऑनलाईन आहे' असं सांगून काउंटरवरून परत पाठवलेलं, त्यामुळे ऑनलाईनवर माझी श्रद्धा जबरदस्त. इस्पितळाच्या दारात काचेच्या पेटीत गणपती होता आणि त्याच्या पायाशी ॲपचा चौकोनी कोड चिकटवलेला. लोक वाकून फोन धरत होते, गणपतीला वाटत असेल नमस्कारच चाललाय. मीही वाकलो. अण्णा चाकाच्या खुर्चीत धापा टाकत होते आणि मी त्यांचं आरोग्य-खातं उघडत होतो. ओटीपी आला, तो गेला, दुसरा आला. मग प्रश्नांची रांग. दमा? नाही. मधुमेह? नाही. 'होय' म्हटलं की आणखी एक पान उघडतं, हे माझ्या लवकरच ध्यानात आलं. मी भराभर रांग संपवली. 'अभिनंदन! आपली फाईल आता कागदमुक्त आहे,' असं ॲप म्हणालं. शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी लगेच त्या अभिनंदनाच्या तीन छापील प्रती मागितल्या.

वॉर्ड झकास होता. डॉक्टर दिवसातून एकदा येत, अण्णांच्या पायाशी उभे राहत आणि हातातल्या टॅबच्या पाटीवर बोट फिरवत. अण्णांकडे पाहिलंच तर ते चुकून. पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले, "डॉक्टर साहब, हमारी एक बात सुन लीजिए."

"ऐप में है न?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"है, सर," मी छाती फुगवून म्हणालो. ते पुढच्या खाटेकडे गेले. पाठोपाठ माझ्या फोनवर विचारणा आली, डॉक्टरांशी झालेला संवाद कसा वाटला? मी पाच तारे दिले.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन खिशात ठेवला. "मोबाईलमध्ये आहे," ते म्हणाले, "पण डोक्यात कोणाच्या आहे?"

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आमच्याकडे पोथीत बघून म्हणणाऱ्याला कुणी वैदिक म्हणत नाही. जे कंठात नाही ते तुमचं नाहीच, असा सगळा हिशेब. कंठस्थ करायची रीतही ठरलेली, तिला संथा म्हणतात. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. आठवडाभर संथा घेऊन मी आठव्या वर्षी पळालो तो थेट बँकेपर्यंत. अण्णांनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही. नुसतं पाहत.

आता त्यांना नवी शिष्या मिळाली. गाझीपूरकडची एक तरुण सिस्टर दिवसपाळीला असे. ती पहिलं इंजेक्शन घेऊन आली तसा अण्णांनी हात पांघरुणात ओढून घेतला. "पहले नाम बोलिए. बाजारवाला नहीं, असली नाम."

ती बिचारी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून बोलली. अण्णांनी ते नाव दोनदा म्हटलं आणि मग हात पुढे केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अण्णा तिथे थांबतात होय? त्यांनी तिला बसवून घेतलं आणि तीन नावं दिली. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन. तरुणपणी त्यातलं पहिलं टोचल्यावर त्यांचा गळा सुजून श्वास बंद पडला होता. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं आणि ही तीन नावं पाठ करायला सांगितली. पुन्हा टोचलंत तर घाटावरच न्यावं लागेल, असंही सांगितलं. अण्णांनी ती पाठ केली आणि आपल्या वैदिक सवयीने क्रमही बांधला, म्हणजे दोन-दोन शब्दांची साखळी: पेनिसिलिन ॲम्पिसिलिन, ॲम्पिसिलिन अमॉक्सिसिलिन. आमच्या घरात हे मी पाळण्यात ऐकलंय.

सिस्टर हसत दोनदा म्हणायची. चुकली की अण्णा थांबवायचे. "अण्णा, त्यांना कामं आहेत," मी म्हणालो. "सगळं ॲपमध्ये असतं हो आता."

"हमको अच्छा लगता है," सिस्टर म्हणाली. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखतेय.

चौथ्या दिवशी ताप चढला. डॉक्टरांनी पाटीवर बोट फिरवून औषध बदललं. दुपारी सिस्टर नवं इंजेक्शन घेऊन आली तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून अण्णा ग्लानीत पडले होते. सवयीप्रमाणे तिने बारीक अक्षरं वाचली, "अमॉक्सिसिलिन," आणि वाट पाहत थांबली. तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मग तिचा हात थांबला. ती पुटपुटू लागली, पेनिसिलिन ॲम्पिसिलिन, ॲम्पिसिलिन अमॉक्सिसिलिन. तिने सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली.

"ये तो बाबूजी का मना है."

आणि मी काय केलं असेल? मी फोन काढला. ॲप उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. "देखिए, ॲलर्जी में 'नहीं' लिखा है. डॉक्टर साहब ने देखकर ही दिया होगा."

"आपके मोबाइल में नहीं है," ती म्हणाली. "हमको तो याद है न." ती डॉक्टरांना फोन लावायला गेली. तासाभरात औषध बदललं.

मग माझा पारा चढला. एवढं मोठं इस्पितळ आणि असा भोंगळ कारभार! मी एक तारा देऊन खरमरीत तक्रार लिहायला घेतली. कर्मचाऱ्याचं नाव हवं म्हणून त्या 'नाही'वर बोट दाबलं. खाली बारीक अक्षरांत उमटलं: माहिती भरणारा, रुग्णाचा मुलगा.

दुसरं पान उघडू नये म्हणून मी ते भरलं होतं. पाळण्यापासून ऐकलेलं असून भरलं होतं. बापाला मारायला मला एक बोट पुरलं असतं, आणि वर मी त्या पोरीशी हुज्जत घातली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. ते 'नाही' बदलायला गेलो तर ॲपने डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं. खोटं भरायला मात्र माझं बोट चाललं होतं.

दोन दिवसांनी ताप उतरला, मास्क निघाला. मी अण्णांना सगळं सांगून टाकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. सिस्टर सलाईन बदलत होती.

"बैस," अण्णा म्हणाले. "मांडी घाल."

मी खाटेशेजारच्या स्टुलावर जमेल तशी मांडी घातली.

"पेनिसिलिन ॲम्पिसिलिन," अण्णांनी सुरुवात केली. आवाज फाटका होता, पण चढउतार तोच.

मी दोनदा म्हटलं. अण्णांनी तळहात वर करून मला थांबवलं आणि सिस्टरकडे पाहिलं.

"तुम बोलो. ये तुम्हारे पीछे बोलेगा."