अस्तर उसवून बघ

मधू शिंपी गेल्याचा मेसेज कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी आधी विचारलं, ‘कोणता मधू?’ वर खात्री करायला त्याच्या घरी फोनही केला. चाकणच्या कंपनीत उभा जन्म मी क्वालिटीला काढला. दुसऱ्याच्या कामावर संशय घ्यायचा, हीच नोकरी. बातमी मात्र खरी होती…

चिंचवड गावठाणात त्याचं दुकान. आम्हा कंपनीवाल्यांचे कपडे तोच शिवायचा आणि ड्यूटीवरून परतताना मी तिथे चहाला थांबायचो. मुलीच्या लग्नासाठी त्याच्याकडे कोट टाकला. कोट झकास झाला, पण उरलेलं कापड मागितलं तर म्हणाला, “उरलंच न्हाई.” शिंपी कापड मारतात, हे लोक म्हणतातच. मी घरी कोट पलंगावर पसरला, टेपने इंचन्‌इंच मोजला आणि आकडेमोडीचा कागद त्याच्यासमोर धरला. बाकीचं कापड गेलं कुठं? त्याने कागदाकडे पाहिलंही नाही. “येवढा वहीम हाय तर अस्तर उसवून बघ की, राव.” नवाकोरा कोट कोण उसवेल? मी उसवला नाही, आणि चहाला जाणंही सोडलं.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नात तो दिसला. माझ्या पोटावर त्याच कोटाचं ताणलेलं बटण पाहून जवळ आला, शिवणीवरून बोट फिरवलं. “दुकानात आणून दे. घडीभराचं काम हाय.” मला वाटलं, आता हा पुरावा मिटवायला बघतोय… मी नुसतं “बघू” म्हणालो. तीच शेवटची भेट.

आता मुलाचं लग्न आलं. कोट अंगात शिरेना, म्हणून थेरगावच्या एका शिंप्याकडे नेला. त्याने खालून अस्तर उसवलं आणि म्हणाला, “काका, हे बघा.” बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीत दोन-दोन बोटं जादा कापड दडलेलं. दोरे सुटू नयेत म्हणून प्रत्येक कड अस्तराच्याच तिरप्या पट्टीने बांधलेली. जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे इतकं नेटकं काम! त्या जादा कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका होता. कोट सैल करताना नवी शिवण कुठून घ्यायची, त्याची खूण. मी बाहेरूनच मोजत बसलो होतो. फार लाज वाटली. तेव्हाच का नाही सांगितलंस रे, असं मनात आलं… पण मी त्याला विचारलं कुठे होतं, जाब विचारला होता.

“याच खुणेवर शिवू?” शिंप्याने विचारलं.

“आधी माप घ्या,” मी म्हणालो. स्वभाव जात नाही. त्याने टेप फिरवला आणि हसला. “खुणेवरच येतंय, काका.”

शिवण झाल्यावर तो कच्चा दोरा ओढून काढायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला.