चितेगावचा मुक्काम आणि सहा माणसांचं गणित

कायगावच्या पुलावर गाडी आली तेव्हा मी खिडकीतून गोदावरी शोधत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हीच की गंगा." (मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात.) खाली नुसती वाळू. वाळूत खड्डे उकरून बायका वाटीवाटीने घागर भरत होत्या. मी राजापूरची, आमच्याकडे लोक पावसाला कंटाळतात. नदी अशी रिकामी असू शकते, हे मला विसाव्या वर्षी कळलं.

मी निघाले होते तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. तिथे बी.एस्सी.च्या मुलांसाठी गणिताचं महिनाभराचं उन्हाळी शिबिर होतं. शहराच्या वेशीपासून नवे फ्लॅट, नव्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक इमारतीसमोर एक टँकर.

शिबिरात परीक्षा नव्हती, गुण नव्हते. सकाळी एक प्रश्न मिळे, आणि दिवसभर झाडाखाली, कँटीनमध्ये, जोडीदाराबरोबर त्याच्याशी झटापट करायची. आमच्या कॉलेजात गणित म्हणजे फळ्यावरून उतरवून घ्यायची गोष्ट. इथले जोशी सर उत्तर सांगतच नसत. "अजून थोडा त्रास होऊ द्या," म्हणून हसत निघून जात. माझी जोडीदार होती प्रज्ञा साळवे, चितेगावची. बोलायला कमी, पण बोलली की प्रश्नाची गाठ नेमकी तिच्या बोटात असायची.

दुसऱ्या आठवड्यात वसतिगृहाची बोअर आटली. सरांनी सगळ्यांना वर्गात बोलावलं. "वसतिगृह बंद होतंय. बाहेरगावच्या मुलांना परत जावं लागेल." मला रडूच फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला गणितात मजा येत होती, आणि तीच पाण्यावाचून संपणार होती.

प्रज्ञा माझा हात धरून उठून उभी राहिली. "सर, मेधा माझ्याकडं राहील."

घरी तिने विचारलंही नव्हतं. पण ती बोलली आणि मागून शहरातल्याच उस्मानपुऱ्यातला एक मुलगा म्हणाला, "तिघं जण आमच्याकडे." मग आणखी हात वर झाले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची सोय झाली, एकालाही परत जावं लागलं नाही.

चितेगाव पैठण रस्त्यावर, कारखान्यांच्या रांगेत. प्रज्ञाचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. तिच्या आईने मला पाहिलं, क्षणभर पाण्याच्या पिंपाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ये गं बाई, हात धू." पहिल्याच रात्री येसर (भाजलेल्या मसाल्याची झणझणीत आमटी) आणि ज्वारीची भाकरी. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा काका, प्रज्ञाचे वडील, हसले, "कोकणातली पोरगी! लई तिखट झालं का?"

काका कारखान्यात होते. पाणीकपातीमुळे काम बंद होतं आणि ते दिवसभर घरी बसून असत. प्रज्ञासाठी त्यांनी पॅकिंगच्या कामाचा शब्द टाकून ठेवला होता. शिबिर संपलं की ती कामावर जाणार, कॉलेज पुढचं पुढं. हे तिने मला चटणी वाटता वाटता सांगितलं, हवामान सांगावं तसं.

एका रविवारी आम्ही वेरूळला निघालो. काळीपिवळी (प्रवासी जीप) ठासून भरलेली. दौलताबादच्या पुढे, घाटात, बॉनेटमधून वाफ निघाली. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "थोडा थोडा पानी डालो भई, नै तो यहींच बैठना पडेगा." कोणी बाटली पुढे करेना. शेवटी एका बुरखेवाल्या आजींनी आपली बाटली दिली. मग एकेक जण लाजत पुढे आला. प्रज्ञा दगडावर बसून सगळ्यांकडे टक लावून पाहत होती.

"काय गं?"

"बघ, ह्यातले कोणतेही सहा जण घे. तिघं तरी एकमेकांना ओळखणारे निघतील, नाय तर तिघं तरी एकमेकांना पूर्ण परके. सुटका नाय!"

तिने हे कुठे वाचलं नव्हतं. तिला ते तिथे, रस्त्याच्या कडेला सुचलं होतं. प्रश्न जुना आणि प्रसिद्ध आहे हे सरांनी नंतर सांगितलं. कैलास लेण्यासमोर उभे राहिलो तरी आमचं बोलणं तेच. मला त्या दिवशीचे हत्ती आठवत नाहीत, प्रज्ञाने माणसं जोडायला धुळीत ओढलेल्या रेघा आठवतात.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपला एक शोध सांगायचा होता. काका आम्हाला न्यायला लवकर आले आणि मागच्या बाकावर अवघडून बसले. प्रज्ञाने इंग्रजीत सुरुवात केली, त्यांना पाहून थांबली, आणि मराठीकडे वळली. "एकाला उभा करा. उरलेल्या पाचांत त्याच्या ओळखीचे तिघं असतील, नाय तर अनोळखी तिघं. ओळखीचे धरू. त्या तिघांत कोणी दोघं एकमेकांना ओळखत असतील, तर हा धरून तीन झाले. कोणीच ओळखत नसेल, तर ते तिघंच परके. अनोळखी निघाले तरी असंच, फक्त उलट."

मागून काकांचा आवाज आला, "मग पाच जणांत का नाय व्हत?"

सर चटकन वळले. प्रज्ञाने फळ्यावर पाच जण गोल बसवले, प्रत्येक जण फक्त शेजाऱ्यांना ओळखणारा. काका बराच वेळ त्या गोलाकडे पाहत राहिले. "व्हय की," ते पुटपुटले. "नाय जमत."

त्या रात्री जेवताना ते प्रज्ञाकडे न बघता म्हणाले, "कामाचं त्यांना नाय म्हणून कळवतो. तू हेच कर."

आईने भाकरी थापायची थांबवली. प्रज्ञा ताटावरून उठून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत आत आली.

ती पुढे एम.एस्सी. झाली; आता शिकवते आणि दर उन्हाळ्यात तसंच शिबिर घेते. मी माझ्या विद्यार्थिनी तिच्याकडे पाठवते. शहर आता चितेगावापर्यंत पसरलंय म्हणतात. मला आठवतं ते मात्र परतीच्या सकाळचं मध्यवर्ती बसस्थानक. काकांनी माझी बॅग वर ठेवली, खिडकीची जागा धरली आणि कंडक्टरला बजावलं, "पुण्यात हिला राजापूरची गाडी नीट दाखवा."

"पाहुणी का?" कंडक्टरने विचारलं.

"नाय," काका म्हणाले, "घरची हाय."