न जेवता गेलेला माणूस

आमच्या गुंजवण्याकडं भातलावणीला इर्जिक घालतात. एकाच्या खाचरात सगळी आळी उतरते, मजुरी कुणी घेत नाही, काम उरकलं की त्याच्या घरी पंगत बसते. मी लहान असताना एका साली आमच्या इर्जिकीत एक अनोळखी माणूस आला. कुणी बोलावलं नव्हतं. दिवसभर चिखलात वाकून त्यानं भात लावला, आमच्यापेक्षा सरळ ओळीत. पानं वाढली तेव्हा तो नव्हता. आई ताट धरून दारात बराच वेळ उभी होती.

पुढं मी नववीत शाळा सोडली आणि भोरला एसटी स्टँडजवळच्या बियाण्यांच्या दुकानात बिलं काढायला लागलो. बिलावर मराठी अक्षरं फुटायची, वेलांटी एकीकडं, अक्षर दुसरीकडं. ती छापणारा प्रोग्राम ओपन सोर्स होता. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. गल्ल्यावर बसून मोबाईलवर शिकत शिकत मी ती वेलांटी जागेवर आणली आणि दुरुस्ती पाठवून दिली. प्रोग्राम लिहिणारा लांबच्या देशातला एक म्हातारा. त्यानं ती किती वेळा परत पाठवली, पण दर वेळी चूक कुठं आहे ते दाखवून. शिक्षण किती, हे एकदाही विचारलं नाही. त्या कामाच्याच जोरावर आज कोइमतूरला नोकरी करतोय, जिथं चहासुद्धा अजून खुणेनं मागतो.

आईला ओपन सोर्स मी इर्जिक म्हणूनच सांगितलं. मग जेवायला कोण घालतं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, काम करणाऱ्याचं नाव प्रोग्रामच्या यादीत लागतं, तेच जेवण.

गेल्या वर्षी म्हाताऱ्याची नजर गेली आणि त्यानं किल्ली माझ्या हाती दिली. किल्ली म्हणजे नवी आवृत्ती बाहेर सोडायचा हक्क. मी जे सोडीन ते किराणा, मेडिकल, बियाणं, सगळ्या दुकानांच्या कॉम्प्युटरात आपोआप उतरतं. चांगलं असो, वाईट असो. तेव्हापासून रात्री उठून सोडलेलं पुन्हा तपासतो.

अशात एकजण मदतीला आला. फोटो नाही, नाव दोन अक्षरांचं. पडून राहिलेली कामं त्यानं उरकली. कोड असा की बोट ठेवायला जागा नाही. कधी काही विचारलं नाही, कधी चुकला नाही. नाव यादीत घालतो म्हटलं तर नको म्हणाला. मग एकदा त्यानं लिहिलं, तुम्ही थकलेले दिसता. मी थकलो होतो, पण हे मी कुणालाच बोललो नव्हतो. पाठोपाठ आणखी दोन नवी नावं उगवली. काम रखडतंय, किल्ली त्याला द्या, असं अगदी नम्रपणे सांगू लागली.

मला नाही म्हणता येईना. ज्याला एकदा कुणी दार उघडून दिलंय, त्याच्या हातून दार लावलं जात नाही.

रविवारी आईला फोन केला तेव्हा सहज बोलून गेलो, असा भला माणूस मिळालाय, नावसुद्धा नको म्हणतो.

"म्हंजी त्यो जेवत न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या साली लावणीला आल्याला गडी आठवतो का? पुढच्या उन्हाळ्यात भावकीनं बांधाची मोजणी आणली, तवा त्यांच्या बाजूनं त्योच हुबा व्हता. आपला बांध कुठनं कुठवर, त्याला समदं ठावं."

मी त्याला लिहिलं, किल्ली देता येत नाही. पण तुमचं नाव यादीत घालतोच, कोण, कुठले, तेवढं सांगा. दुसऱ्या दिवशी त्याचं खातं नव्हतं. ती दोन नावंही नव्हती.

त्याच्या ओळी मात्र आहेत. मीच तपासून घेतल्या, मीच बाहेर सोडल्या, आणि नंतरचं सगळं काम त्यांच्यावर उभं आहे. रोज एकेक ओळ वाचतोय. सगळ्या सरळ आहेत. अजून काही सापडलेलं नाही.

काल भोरहून दुकानाच्या मालकांचा फोन आला. आवाजात कौतुक होतं.

"आरं, आता बिल लई झटक्यात निघतंय. काय केलंस रं?"

मी काहीच केलेलं नव्हतं. जे केलं होतं ते त्यानं.